रंगपंचमीची ट्रायल

बुऱ्हाणपुरातल्या आमच्या गल्लीत शांतता फक्त वीज गेल्यावर व्हायची. डाव्या बाजूला यंत्रमाग, उजव्या बाजूला यंत्रमाग, समोरच्या घरात तर बैठकीच्या खोलीतच दोन माग टाकलेले, आणि सगळ्यांची खटखट पहाटेपासून चालू. बाहेरगावचे पाहुणे विचारत, तुम्ही झोपता कसे. आम्हाला त्यांच्याबद्दल तोच प्रश्न पडायचा, की एवढ्या शांततेत यांना झोप येते कशी. माझ्या वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांचं दुकान या खटखटीवरच चालायचं. मागाला लागणारे धोटे, कांड्या, चामड्याचे तुकडे, तेल, आणि लोखंड गंजू नये म्हणून फासायचा चंदेरी रंग, असा सगळा माल घराच्या पुढच्या खोलीत भरलेला असायचा. त्यामुळे आमच्या घरातल्या वरणालासुद्धा थोडा यंत्राच्या तेलाचा वास यायचा असं आत्या म्हणायची. आत्या भाऊंची थोरली बहीण. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं आणि आई त्याबद्दल मनापासून खूश होती, कारण आईला दुकानात बसून गिऱ्हाइकांशी भांडायला जास्त आवडायचं. घरात सगळे ओरडूनच बोलायचे. अजूनही फोनवर मी बोलायला लागले की माझी सून तिचा फोन कानापासून लांब धरते.

या आवाजाचा मला एक फायदा झाला, तो म्हणजे कबड्डी. मागाच्या तालावर कबड्डी-कबड्डी म्हणायला लागलं की कुठे थांबायचं ते सुचतच नाही. शिवाय तापीवर पोहायला आम्ही भावंडं रोज जायचो आणि बुडी मारून जास्त वेळ कोण राहतं यावर पैज लावायचो. मी जिंकायचे. एकदा इतका वेळ वर आले नाही की घाटावर कपडे धुणाऱ्या बायांनी आरडाओरड केली, आणि घरी आल्यावर आत्यानं मला पाठीत दोन धपाटे घालून गरम जिलबी खायला दिली. दोन्ही एकाच हातानं. तर सांगायचं असं की दम होता तो माझ्याकडे, एका दुकानदाराच्या सावळ्या, काटकुळ्या मुलीकडे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

मी शेवटच्या वर्षाला गेले त्याच्या आधीच्या वर्षी सरकारनं आदिवासी मुलींचं वसतिगृह स्टेशनाजवळच्या लालबागेत आणलं आणि आमच्या शाळेला जोडलं. तोवर देडतलाईकडच्या जंगलपट्ट्यातल्या कोरकू मुली आम्ही फक्त बाजाराच्या दिवशी पाहिलेल्या. आता त्या वर्गात येऊन बसल्या. म्हणजे मागच्या बाकांवर बसल्या, आणि आम्ही पुढच्या. कुणी तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी वेगळंही सांगितलं नव्हतं. ही व्यवस्था मोडली कुलसुम बहनजींनी. त्या आम्हाला खेळ शिकवायच्या. उंच, हाडापेरानं मजबूत, गळ्यात शिट्टी, आणि सलवार-कमीजवर कायम पुरुषी कॅनव्हासचे बूट. त्यांनी मैदानावर सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि एकाआड एक सोडून दोन संघ पाडले. कबड्डीत बचाव करताना एकमेकींचे हात धरून साखळी करावी लागते. आमच्यातल्या दोघी-तिघी हात धरायला कुरकुरल्या. बहनजी म्हणाल्या, "हात नहीं पकडना? ठीक है. फिर सामनेवाली तुम्हारी टांग पकडेगी, रोना मत."

माझ्या शेजारी उभी राहिली ती सोमती. अगदी माझ्याच उंचीची, माझ्याच मापाची. पुढे तिचे कपडे मला आणि माझे तिला व्हायला लागले. तिचा हात खरखरीत होता आणि पकड सांडशीसारखी. ती डाव्या कोपऱ्यावर खेळायची. ज्यांनी कबड्डी खेळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, कोपरा म्हणजे बचावाचा मेंदू. चढाई करणारी कुठे जाणार, कधी वळणार, हे कोपऱ्यावरचीनं आधी ओळखायचं आणि साखळीतल्या हाताला दाब देऊन बाकीच्यांना कळवायचं. सोमतीनं एकदा दाब दिला की पुढे उभी असलेली मुलगी आपोआप सरकायची. मी तिला विचारलं होतं, तुला आधी कसं कळतं. मला वाटलं, त्यांच्याकडे बायका हात धरून रांगेत नाचतात, त्यातून आलं असेल. ती म्हणाली, "नाच कसला. आम्ही पाच बहिणी एका गोधडीत झोपतो. कोण कुठं वळणार ते आधी नाही कळलं तर गोधडी जाते."

पहिल्या रविवारी मी तिला घरी जेवायला नेलं. आत्यानं तिचं ताट ओसरीवर वाढलं. तिनं वाढलं होतं नीटच. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेलाची धार. फक्त आमची ताटं आत आणि तिचं बाहेर. सोमतीनं ताटाकडे पाहिलं, ताट उचललं, आत आली, माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि आत्याला म्हणाली, "बाहेर मांजर आहे आत्या." मांजर खरंच होतं. आत्यानं थोडा वेळ भाकरी थापली आणि मग म्हणाली, "मांजर लई वाईट आहे वं माय ते." त्यानंतर सोमतीचं ताट आतच लागलं आणि सगळं खापर मांजरावर फुटलं. मला वाटतं आत्यालाही एक निमित्तच हवं होतं. कुणीतरी ते हातात दिलं की माणसं बऱ्याच गोष्टी सोडून देतात.

थंडी ओसरायला लागली तेव्हा कर्णिक साहेब आले. मुंबईकडच्या एका साबणाच्या कारखान्याचा बायकांचा कबड्डी संघ होता, त्यासाठी ते गावोगाव मुली निवडत हिंडायचे. निवड झाली की कारखान्यात कामावर घ्यायचे, राहायला खोली द्यायचे, दिवसातून दोन तास साबणाच्या वड्या कागदात गुंडाळायच्या आणि बाकीचा वेळ खेळायचं. पगार खेळण्याचाच. आमच्या गावातून ते दोघींना घेणार होते. भाऊंना कल्पना आवडली. "साबणाचा कारखाना आहे, पोरगी निदान स्वच्छ राहील," असं ते म्हणाले. आत्याचं म्हणणं पडलं, पोरीच्या जातीनं परक्या गावात जाऊन लोकांचे पाय ओढायचे का. मी म्हटलं, लोकांचे नाही, पोरींचेच ओढायचे. त्यावर तिची हरकत अर्धी झाली.

सोमतीचं मात्र सगळंच त्यावर होतं. मॅट्रिकची परीक्षा झाली की वसतिगृह सुटणार. मग देडतलाई, आणि तिथे वडिलांबरोबर दुसऱ्याच्या केळीच्या बागेत घड वाहायचे. तिला त्या कामाची लाज नव्हती, कंटाळा होता. "केळीचा चीक लागला की कपडा गेला," ती म्हणायची. "मला आतापर्यंत एक पण कपडा डागाशिवाय नाही मिळाला." पण एक गोष्ट तिनं आधीच ठरवलेली होती. घेतलं तर कोपऱ्यावर घ्यावं. दुसरीकडे कुठे उभी राहणार नाही.

कर्णिक साहेब गोड माणूस. पांढरी शुभ्र पँट, चष्म्याला दोरी, आणि तरुणपणी स्वतः खेळलेले असल्यामुळे एक गुडघा कायमचा ताठ. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच एकेकीला विचारलं, नाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात. सोमती म्हणाली, देडतलाई, बाप शेती करतो थोडी, केळीच्या बागेत पण जातो. साहेबांचा चेहरा खुलला. "वा. चढाईला जा. जंगलातल्या मुलींचा दम मी पाहिलाय, फुप्फुसं असतात फुप्फुसं." मी सांगितलं, वडिलांचं दुकान, मामा मास्तर. "छान. तू कोपऱ्यावर. तिथे डोकं लागतं." मी म्हटलं, सर, मी चढाई करते. सोमती म्हणाली, मी कोपऱ्यावर खेळते. साहेब हसले, आपण लहान मुलांच्या हट्टाला हसतो तसे. "तुम्हाला तुमच्यात काय आहे ते माहीत नसतं. मी तीस वर्षं मुली निवडतोय."

पुढची गंमत काय सांगावी. सोमतीला चढाईत दमच टिकत नसे. पाचवं कबड्डी म्हटलं की तिला उचकी लागायची, आणि उचकी लागली की हसू यायचं. ती हसत हसत जायची आणि हसत हसत पकडली जायची. इकडे कोपऱ्यावर मी. समोरची माझ्या डोळ्यांदेखत येऊन, मला शिवून, परत जायची आणि मग मी सूर मारायचे. मी त्या दिवशी धूळ सोडून काही पकडलं नाही. दोघी सारख्याच वाईट खेळलो. साहेबांनी मात्र माझ्याबद्दल मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं, "मुलगी होतकरू आहे, अजून भीड आहे, शिकवलं की होईल." सोमतीबद्दल म्हणाले, "अंगात आहे, पण आळस. यांचं असंच होतं, देवानं दिलेलं वापरत नाहीत. आणि चढाईवाल्या तशा आमच्याकडे भरपूर आहेत. बघू." पक्की निवड होळीनंतर करायची ठरली, पण माझी जागा धरल्यासारखीच होती.

शिवी कुणालाही ओळखता येते. अशी तारीफ ओळखायला वेळ लागतो. घरी जाताना सोमतीनं मला विचारलं, "साहेब आमच्या फुप्फुसाची तारीफ करत होते ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग मला राग का येतोय?" आम्ही घरी येऊन शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या खाल्ल्या. आत्यानं विचारलं, काय झालं. सोमती म्हणाली, "बघू म्हणाले. आमच्याकडं सरकारी माणूस बघू म्हणाला की आम्ही पिशवी उचलून घरी जातो." आत्या चिडली. कुणावर ते तिलाही कळलं नसावं, कारण ती मांजराला बोलली.

मी काही त्यागबिग करायला निघाले नव्हते. माझी स्वतःची अडचण सरळ होती. कोपरा म्हणून घेतलं असतं तर पहिल्याच आठवड्यात माझं पितळ उघडं पडून मी परत आले असते. मी कुलसुम बहनजींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मैंने बोला साब को. वो बोले, बहनजी, आप स्कूल का देखती हैं, मैं देश का देखता हूं." मग त्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बराच वेळ बसल्या.

पक्क्या निवडीचा दिवस साहेबांनीच ठरवला होता. शाळेच्या कचेरीत उभं राहून त्यांनी खिशातली छोटी डायरी उघडली आणि होळीनंतरचा पाचवा दिवस सांगितला. बहनजी म्हणाल्या, "साब, उस दिन..." साहेब म्हणाले, "का, होळी तर आधीच होऊन गेलेली असेल ना?" बहनजींनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. "जी साब. होली तो हो चुकी होगी." मी तिथे खडूचा डबा घेऊन उभी होते. मुंबईकडच्या त्या माणसाला होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळून मोकळं व्हायची सवय. आमच्याकडे खरा रंग पंचमीला. त्या दिवशी बुऱ्हाणपुरात सख्खा भाऊ ओळखू येत नाही. हे बहनजींना सुचून त्या गप्प बसल्या, की नुसत्याच गप्प बसल्या, हे मी त्यांना नंतर बरेचदा विचारलं. त्या दर वेळी म्हणायच्या, "बेटा, मेरा तो त्योहार ही नहीं, मुझे क्या पता."

पंचमीच्या सकाळी भाऊंच्या दुकानातला चंदेरी रंगाचा डबा गेला. भाऊंना वाटलं मी नेला, मला वाटलं धाकट्या भावानं नेला. नेला होता सोमतीनं, आईला विचारून. आईनं तिला वर ब्रशही दिला होता. लालबागेतल्या वसतिगृहाच्या अंगणात त्या दिवशी एकही तोंड सुटलं नाही. गुलाल लावायला आलेल्या शहरातल्या मुलीही चंदेरी होऊन गेल्या. वरून ओढण्या डोक्याला घट्ट बांधलेल्या, केसांना रंग लागू नये म्हणून. सगळ्याजणी गौरीच्या मुखवट्यांसारख्या दिसत होतो. बोलल्याशिवाय मी माझ्याच वर्गातल्या मुली ओळखत नव्हते.

देडतलाईकडे होळी झाली की कोरकू बाया आणि मुली रस्त्यावर आडवी दोरी धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फगवा घेतात. सणाची ओवाळणीच म्हणा. दिल्याशिवाय दोरी खाली येत नाही. परीक्षेमुळे वसतिगृहातल्या मुलींना गावी जाता आलं नव्हतं, म्हणून त्यांनी दोरी लालबागच्या स्टेशनहून येणाऱ्या रस्त्यावर धरली. पहिलाच टांगा आला तो कर्णिक साहेबांचा. टांगेवाला गावचा, त्यानं लगेच घोडा थांबवला. साहेब पांढऱ्या पँटमध्ये, मांडीवर पिशवी, समोर वीसेक चंदेरी तोंडं. "हा काय प्रकार आहे?" टांगेवाला म्हणाला, "फगवा दे दो साब, नहीं तो शाम तक यहीं." साहेबांनी दिला. मुलींनी त्यांना गुलालाचा एक टिळा लावून सोडलं. पँटला हात लावला नाही. पाहुण्याची पँट आहे, असं सोमतीनं सगळ्यांना बजावलं होतं.

मैदानावर आल्यावर साहेब म्हणाले, "यांना तोंडं धुवायला सांगा." बहनजी म्हणाल्या, "साब, यह मागवाला रंग है. पानी से नहीं जाता. दो घंटे लगेंगे, और आपकी गाडी..." साहेबांनी घड्याळ बघितलं. गाडी खरोखरच संध्याकाळची होती. नावं-गावं विचारायला काही अर्थ नव्हता. वसतिगृहासमोरून ढोल वाजत चालले होते आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बहनजींनी पाठीवर नवीन आकड्यांच्या चिंध्या टाचल्या. मला सात, सोमतीला तीन. दोघींना वेगवेगळ्या संघांत टाकलं, आणि प्रत्येकीला तिच्या तिच्या जागेवर उभं केलं.

मी पहिल्या चढाईला गेले तेव्हा ढोल जरा थांबले होते आणि वाऱ्यावर लांबून मागाची खटखट येत होती. त्या तालावर मी सुरू केलं. उजवीकडची एक शिवली, परतले. दुसऱ्या चढाईत दोघी. मला पंख फुटल्यासारखं झालं होतं. तिसऱ्यांदा गेले तर समोरच्या संघात चौघी उरलेल्या आणि डाव्या कोपऱ्यावर सोमती. चंदेरी तोंडात फक्त डोळे आणि दात. ती माझ्या पायांकडे बघतच नव्हती. मी उजवीकडे जायची हूल दिली, ती हलली नाही. डावीकडे हूल दिली, तरी हलली नाही. मी मनात म्हटलं, झोपली की काय, आणि खरंच तिच्या बाजूला पाय टाकला. तो पाय जमिनीवर टेकायच्या आत घोटा तिच्या हातात होता. साखळी माझ्यावर कोसळली. मी मध्यरेषेकडे सरपटत गेले, दम शिल्लक होता, हात लांब केला. बोट रेषेला लागलं. बहनजींनी शिट्टी वाजवून मला बाद दिलं. बोट लागलं होतं, हे मी आजही म्हणते. सोमती म्हणते चार बोटं अंतर होतं. परवा फोनवर यावरून आमचं पुन्हा वाजलं.

बाद झालेल्यांनी कडेला बसायचं असतं. माझी जागा नेमकी साहेबांच्या खुर्चीमागे आली. साहेब पुढे वाकून बसले होते, गुडघ्यावर हात, चहा थंड झालेला. "बहनजी, ही सात नंबर. हीच ना ती देडतलाईची? मी म्हटलं नव्हतं? दम बघा. रक्तात असतं हे." बहनजी म्हणाल्या, "आपकी नजर, साब." "आणि तीन नंबर. काय थंड डोकं. दोन हुलींना हलली नाही. हे संस्कार, बहनजी, हे घरातून येतं. दुकानदाराची ना ती? मागच्या वेळी भीड होती, बघा कशी चेपली." बहनजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त त्यांची शिट्टी उगाचच एकदा वाजली. मी गुडघ्यात तोंड घालून हसले आणि माझा अर्धा रंग सलवारीला लागला. ती सलवार पुढे कधीच साफ झाली नाही.

खेळ संपला. साहेब उठून मोठ्यानं म्हणाले, "सात आणि तीन. प्रश्नच नाही." मुख्याध्यापिकाबाई होत्या, भाऊ आणि आई होते, वसतिगृहाच्या बाई होत्या. सगळ्यांनी ऐकलं. मग नावं लिहायची म्हणून आम्हाला तोंडं धुवायला नळावर पाठवलं. आत्या रॉकेलची बाटली, डाळीचं पीठ आणि जुनं धोतर घेऊन आलीच होती. तिनं हाताला लागली ती मान धरली आणि घासायला लागली. ती मान म्हणाली, "आत्या, मी सोमती." आत्या म्हणाली, "मग काय झालं? तुझ्या मानेवर रंग नाही का?" आणि कानामागेही घासलं, मला घासायची त्याच जोरानं.

आम्ही दोघी साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिलो. तोंडं लाल झालेली, रॉकेलचा वास येतोय, भुवयांत अजून चांदी. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पाठीवरचा आकडा दाखवायला सांगितला. मग सोमतीचा. मग चष्मा पुसला. "तुम्ही आकडे बदललेत?" बहनजी म्हणाल्या, "नहीं साब, टाचे मैंने हैं." भाऊंनी पान थुंकायची वेळ साधून घेतली. साहेब म्हणाले, "रंगामुळे मला नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा बघावं लागेल."

"साब," बहनजी म्हणाल्या, "आज ही तो ठीक से दिखा."

मला सोमतीची नस माहीत. ती आता पिशवी उचलून निघेल असं वाटलं. ती एक पाऊल पुढे आली. "साहेब, बघू म्हणू नका. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मागच्या वेळी मी हसले म्हणून मला आळशी म्हणालात. आज नाही हसले."

कर्णिक साहेबांचा चेहरा लाल झाला होता आणि तो काही सगळा गुलाल नव्हता. ते उठले आणि आपला ताठ पाय ओढत मैदानात गेले, जिथे माझा घोटा धरला गेला होता तिथे. मातीत खुणा होत्या. ते खाली बघत उभे राहिले आणि सोमतीला हाक मारली. "दोन्ही हुलींना तू हलली नाहीस. का?" ती म्हणाली, "पाय खोटं बोलतात. खांदा बघायचा. ही खरी निघाली की डावा खांदा पाडते." मला स्वतःला हे माहीत नव्हतं. साहेबांनी मला तिथेच दोन-तीनदा पळायला लावलं. खांदा पडत होता. त्यांनी सोमतीला वेगवेगळ्या जागी उभं केलं, विचारलं, इथून काय करशील, तिथून काय करशील, साखळीत शेजारची नवखी असेल तर कसं. आता ते खेळाडू म्हणून विचारत होते, आणि ती खेळाडू म्हणून सांगत होती. ढोल वाजतच होते. टांगेवाला दोनदा येऊन गाडीची आठवण करून गेला. शेवटी साहेब परत आले, खुर्चीत बसले, पेन उघडलं. सोमती त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"कोपरा लिहा," ती म्हणाली.

"लिहितोय," साहेब म्हणाले. "डावा की उजवा तेही तूच सांग आता."

"डावा."

आत्यानं त्यांना दराब्याचा डबा बांधून दिला. आमच्याकडचा दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर फेटून फेटून इतकी हलकी करतात की तोंडात घातल्यावर चावायचं काही राहत नाही. साहेबांनी टांग्यातच डबा उघडला. आम्ही दोघी महिन्याभरानं कारखान्यात गेलो तेव्हाही कानामागे थोडी चांदी होती. एवढा साबणाचा कारखाना, पण त्यांच्या कुठल्याच वडीनं ती निघाली नाही. सोमती आमच्या संघाची कर्णधार व्हायला पुढे फार वर्षं लागली, आणि ती हकीकत एवढी हसरी नाही. पण डाव्या कोपऱ्यावरून तिला कुणी हलवलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही होळीला सुट्टी घेऊन घरी आलो होतो. साहेब पुन्हा मुली निवडायला येणार होते आणि दिवस त्यांनीच कळवला होता, पंचमीचा. त्यांचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. रक्त आणि संस्कार हे शब्द त्यांच्या तोंडून मी नंतरही ऐकले. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा मात्र गेला होता, आणि निवड करणाऱ्या माणसाचा तो गेला की पुष्कळ झालं. आता तेच काम मी करते, म्हणून सांगते.

लालबागच्या रस्त्यावर दोरीचं एक टोक सोमतीनं धरलं होतं, दुसरं मी. टांगा दिसला. साहेब दोरीच्या अलीकडेच उतरले, या वेळी खाकी पँटमध्ये, आणि कुणी मागायच्या आत फगवा काढून दिला. मग पिशवीत हात घालून एक डबा काढला. "कारखान्याच्या दुरुस्तीखात्यातला आहे," ते म्हणाले. "तुमच्या दुकानातल्यापेक्षा पक्का. सगळ्यांना लावा, कान-मान काही सोडू नका."

सोमतीनं झाकण उघडून वास घेतला. "पक्का आहे का ते आधी तुमच्यावर बघू, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, त्याची दोरी गुंडाळून तो खिशात ठेवला, आणि डोळे मिटून तोंड पुढे केलं.